चेतक, लुना आता ‘व्हिंटेज’ : दुचाकींचे संग्रहालय आणि हॉल ऑफ फेम म्हणजे नेमके काय?

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना गाव येण्याआधी अंजनेरी लागते. बहुतेकांना ही जागा हनुमानाचे जन्मस्थान मानला जाणारा डोंगर म्हणून माहीत असते. पण अंजनेरीत आणखी एक ठिकाण आहे. नाण्यांचा अभ्यास करणारी एक संशोधन संस्था आणि तिचे नाण्यांचे संग्रहालय इथे आहे. नाणेतज्ज्ञ डॉ. परमेश्वरीलाल गुप्ता आणि के. के. माहेश्वरी यांच्या पुढाकारातून १९८० साली ती उभी राहिली.

नाणे ही तशी अगदी रोजच्या वापराची वस्तू. ज्याने ते देऊन बाजारातून धान्य किंवा तेल आणले, त्याच्या मनातही आले नसेल की एक दिवस ते काचेखाली ठेवले जाईल. तरीही राजा कोण होता, धातू किती शुद्ध होता, व्यापार कुठवर चालत होता, हे आज त्या नाण्यांवरूनच सांगता येते.

त्याच त्र्यंबक रस्त्यावरून रोज शेकडो दुचाकी जातात. श्रावणात आणि सुट्टीच्या दिवशी तर विचारायलाच नको. नाण्यासारखीच दुचाकी हीसुद्धा रोजची वस्तू आहे आणि तिचाही इतिहास लिहिता येतो. जगात काही ठिकाणी तो रीतसर जपला जातो. महाराष्ट्रासाठी हा विषय आता जवळचा झाला आहे. १९७२ साली आलेल्या पहिल्या चेतक आणि लुना आता पन्नाशी ओलांडून कायद्याच्या भाषेत ‘व्हिंटेज’ होण्याच्या वयाला पोहोचल्या आहेत.

संग्रहालय आणि हॉल ऑफ फेम यांत फरक काय?

संग्रहालयात वस्तू ठेवल्या जातात, तर हॉल ऑफ फेममध्ये माणसांची नावे असतात. एखाद्या क्षेत्रात मोलाची कामगिरी केलेल्यांना निवडून त्यांचा कायमस्वरूपी गौरव करायचा, अशी ही पद्धत आहे. अमेरिकेत ती खेळांपासून संगीतापर्यंत सगळीकडे रुजली आहे.

दुचाकींच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकत्र पाहायला मिळणारे प्रसिद्ध ठिकाण अमेरिकेतील ओहायो राज्यात, पिकरिंग्टन या गावात आहे. ते ‘अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशन’ या संघटनेशी जोडलेले आहे. ही संघटना १९२४ साली स्थापन झाली. शर्यतींचे नियम ठरवणे आणि दुचाकीस्वारांच्या हक्कांसाठी सरकारदरबारी बाजू मांडणे ही तिची मुख्य कामे.

दुचाकींचा वारसा जपण्यासाठी संघटनेने १९८२ साली वेगळे प्रतिष्ठान काढले. १९९० मध्ये ओहायोतल्याच वेस्टरव्हिल इथे संग्रहालय सुरू झाले. १९९८ मध्ये हॉल ऑफ फेमची सुरुवात झाली आणि पुढच्या वर्षी हे सगळे पिकरिंग्टनला हलले. आज या यादीत चारशेहून अधिक नावे आहेत.

या यादीत कोण असते?

शर्यती जिंकणारे असतातच. पण यादी तिथे थांबत नाही. गाडीची रचना करणारे, कारखाना उभा करणारे, स्वारांच्या हक्कांसाठी झगडणारे आणि दुचाकीची गोडी लोकांना लावणारे, या सगळ्यांना तिथे जागा आहे. हार्ली-डेव्हिडसनचे विल्यम हार्ली आणि आर्थर डेव्हिडसन त्यात आहेत, तसेच जपानच्या होंडा कंपनीचे संस्थापक सोइचिरो होंडाही आहेत. दुचाकीवेड्या स्टीव्ह मॅक्वीन या अभिनेत्याचेही नाव आहे.

काही नावे मात्र इतकी वर्षे दुर्लक्षित राहिलेली होती. ऑगस्टा आणि अॅडलिन व्हॅन ब्युरेन या दोन बहिणी १९१६ साली दोन ‘इंडियन’ मोटारसायकली घेऊन न्यूयॉर्कहून निघाल्या आणि अमेरिका ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर पोहोचल्या. सैन्यात निरोप पोहोचवणारे मोटारसायकलस्वार लागत. हे काम स्त्रियाही करू शकतात, हे त्यांना दाखवून द्यायचे होते. वाटेत पुरुषी कपडे घातले म्हणून पोलिसांनी त्यांना अडवले. प्रवास पूर्ण झाला, पण सैन्याने त्यांना घेतले नाही. हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव लागले ते २००२ साली.

त्याच वर्षी बेसी स्ट्रिंगफील्ड यांचेही नाव लागले. कृष्णवर्णीय असलेल्या बेसी यांनी १९३० आणि १९४० च्या दशकांत एकटीने अमेरिकेच्या आरपार आठ सफरी केल्या. नकाशावर नाणे उडवायचे आणि ते पडेल तिथे जायचे, ही त्यांची पद्धत सांगितली जाते. वंशभेदामुळे अनेक ठिकाणी मुक्कामाला खोली मिळत नसे, मग पेट्रोल पंपावर गाडीवरच आडवे होऊन रात्र काढायची. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लष्करासाठी निरोप्याचे कामही केले. १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले, म्हणजे हा मान त्यांना मरणोत्तर मिळाला.

हॉल ऑफ फेमचा खरा उपयोग इथे कळतो. नुसती गाडी पाहून ती कोणी, कुठल्या परिस्थितीत चालवली हे कळत नाही. ते कुणीतरी लिहून ठेवावे लागते.

महाराष्ट्रात जपण्यासारखे काय आहे?

भारतात दुचाकी घरोघरी पोहोचवण्यात महाराष्ट्राचा वाटा फार मोठा आहे. त्यातले मुख्य टप्पे असे :

लॅम्ब्रेटा. मुंबईतील ‘ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’ या कंपनीने इटलीच्या इनोसेंटी कंपनीची लॅम्ब्रेटा स्कूटर पन्नाशीच्या दशकात भारतात जुळवायला सुरुवात केली. पुढे हीच गाडी ‘लॅम्बी’ नावाने ओळखली गेली. इनोसेंटीने स्कूटर बनवणे थांबवल्यावर तिथली यंत्रसामग्री भारत सरकारच्या कंपनीने लखनौला आणली आणि त्यातून ‘विजय सुपर’ निघाली.

बजाज. बजाज समूहाने १९४८ पासून दुचाकी-तीनचाकी आयात करून विकल्या. १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळाला आणि पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना उभा राहिला. इटलीच्या पियाजियो कंपनीशी करार करून तिथे व्हेस्पा बनू लागली. हा करार १९७१ मध्ये संपला. पुढच्याच वर्षी राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन ‘चेतक’ आली.

त्या काळात कारखान्याने किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवाना ठरवत असे. मागणी कितीतरी जास्त होती. त्यामुळे नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ही वाट दहा वर्षांपर्यंतही लांबे. परदेशी चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर मिळे, म्हणून परदेशात असलेल्या नातेवाइकाला गळ घातली जाई. गाडी घरी आली की पेढे वाटले जात. १९८९ च्या ‘हमारा बजाज’ जाहिरातीने हेच घरगुती नाते दाखवले, म्हणून ती आजही लोकांच्या लक्षात आहे.

लुना. पुण्याच्या फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिक इंजिनीअरिंगने १९७२ साली ५० सीसीची लुना आणली. गिअर नाही, वजन कमी आणि पेट्रोल संपलेच तर पायडल मारत घरी जाता येई. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, महाविद्यालयातली मुले-मुली अशा सगळ्यांना ती परवडली. ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा परवाना सोळाव्या वर्षी मिळतो, याचाही तिला फायदा झाला. साडी नेसून सहज चालवता येणारी गाडी म्हणून अनेक घरांत स्त्रीच्या हातात आलेले पहिले वाहन लुनाच होते.

कायनेटिक होंडा. १९८४ मध्ये कायनेटिकने जपानच्या होंडाशी भागीदारी केली. बटण दाबून सुरू होणारी बिनगिअरची स्कूटर त्यातून आली. हिचा कारखाना मध्य प्रदेशात पिथमपूरला होता, पण रस्त्यावर ती सर्वात जास्त उठून दिसली ती पुण्यासारख्या शहरांत.

पल्सर आणि नंतर. २००१ मध्ये बजाजने पल्सर आणली आणि स्कूटरची कंपनी ही ओळख बदलून गेली. २००७ मध्ये बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीत साडेचौदा टक्के हिस्सा घेतला. पुढे केटीएमच्या छोट्या मोटारसायकली चाकणला तयार होऊन जगभर जाऊ लागल्या. पन्नास-साठ वर्षांपूर्वी युरोपकडून परवाना घेऊन स्कूटर बनवणाऱ्या पुण्यातून आता युरोपच्या नावाची गाडी युरोपला जाते, हा उलटा प्रवासही याच इतिहासाचा भाग आहे.

चेतकचे उत्पादन २००५ मध्ये थांबले. २०२० मध्ये ती विजेवर चालणारी होऊन परत आली. लुनाही २०२४ मध्ये विजेवर परतली. नावे टिकली, पण किक मारून सुरू होणारे जुने टू-स्ट्रोक इंजिन मात्र गेले.

हॉल ऑफ फेम काढायचा तर कोणाची नावे येतील?

राहुल बजाज यांना २००१ मध्ये पद्मभूषण आणि अरुण फिरोदिया यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाला आहे. उद्योजकांची नोंद अशी कुठे ना कुठे होतेच. ‘चल मेरी लुना’ ही ओळ लिहिणारे पीयूष पांडे यांचेही नाव जाहिरातीच्या इतिहासात आहे.

निसटतात ती बाकीची माणसे. आकुर्डीच्या जुळणी विभागात आयुष्य काढलेले कामगार, आवाज ऐकून कार्बोरेटरचा दोष सांगणारे गावोगावचे मेस्त्री, गावात पहिल्यांदा लुना चालवणारी आरोग्यसेविका, यांची नावे कुठल्याही पुरस्काराच्या यादीत सहसा नसतात. अमेरिकेतही व्हॅन ब्युरेन भगिनींचे नाव लागायला ८६ वर्षे गेली. त्या आणि बेसी आज माहीत आहेत, कारण त्यांची छायाचित्रे, वर्तमानपत्रांतली कात्रणे आणि आठवणी कुणीतरी जपून ठेवल्या होत्या.

संग्रहालयही कायमचे नसते

एखादी वस्तू संग्रहालयात गेली म्हणजे ती सुरक्षित झाली, असे वाटते. तसे नेहमी होत नाही. ब्रिटनमध्ये सोलिहलजवळच्या राष्ट्रीय मोटारसायकल संग्रहालयाला सप्टेंबर २००३ मध्ये आग लागली आणि शेकडो जुन्या गाड्या जळाल्या. त्यातल्या बऱ्याच गाड्या मेहनतीने पुन्हा उभ्या केल्या गेल्या आणि पुढच्या वर्षी संग्रहालय परत उघडले. अमेरिकेत आयोवा राज्यातले राष्ट्रीय मोटारसायकल संग्रहालय मात्र २०२३ मध्ये बंद झाले आणि तिथल्या गाड्या लिलावात गेल्या.

या बाबतीतले सर्वात वेगळे उदाहरण मुंबईचे आहे. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात कामगिरी बजावलेली ‘आयएनएस विक्रांत’ ही विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली. २००१ पासून ती मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून उभी होती. जहाज जीर्ण झाल्याने २०१२ मध्ये ते लोकांसाठी बंद करण्यात आले. जहाज वाचवण्यासाठी प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, पण अखेर ते भंगारात निघाले आणि २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये दारूखान्यात त्याची तोडणी सुरू झाली.

त्यातले काही पोलाद बजाज ऑटोने विकत घेतले, वितळवले आणि नव्या मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाकीसाठी वापरले. ‘बजाज व्ही’ ही ती गाडी फेब्रुवारी २०१६ मध्ये लोकांसमोर आली. म्हणजे एका संग्रहालयाचा थोडासा भाग मोटारसायकल होऊन रस्त्यावर आला. काहींना ही आठवण जपण्याची चांगली रीत वाटली, तर काहींना जहाज गेल्याचे दुःख मोठे वाटले. पण मुंबईत जाऊन विक्रांतच्या डेकवर उभे राहण्याची सोय गेली, ती गेलीच.

पन्नास वर्षांचा नियम काय सांगतो?

भारतात खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील खासगी गाड्यांना पर्यावरण करही भरावा लागतो. बहुतेक घरे या टप्प्यावर कंटाळतात आणि गाडी भंगारवाल्याकडे जाते.

जुन्या गाड्या जपणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम आणले. त्यातले मुख्य मुद्दे असे :

• पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरू शकते.
• गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार केलेले चालत नाहीत.
• नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती दहा वर्षांसाठी असते. पुन्हा नोंदणी करताना ५,००० रुपये भरावे लागतात.
• नव्या नोंदणीच्या पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो.
• अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी नसते. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते.

१९७२ सालच्या चेतक आणि लुनाने २०२२ मध्ये ही रेषा ओलांडली. त्यानंतर दरवर्षी आणखी एका वर्षाच्या गाड्या या वयात येत आहेत. म्हणजे आतापर्यंत हौशी संग्राहकांच्या बीएसए किंवा ट्रायम्फपुरता असलेला हा विषय आता वाड्याच्या जिन्याखाली पोत्याने झाकलेल्या स्कूटरपर्यंत आला आहे.

घरात जुनी दुचाकी असेल तर काय जपावे?

लोक सर्वात आधी गाडी नव्याने रंगवून घेतात. हीच घाई टाळावी. मूळ रंग, मूळ अक्षरे आणि विक्रेत्याचे छोटे स्टिकर यांवरून गाडीचा काळ आणि गाव ओळखता येते. रंग एकदा खरवडला की तो पुरावा परत येत नाही.

बदललेला भागही फेकू नये. जुना कार्बोरेटर, मीटर, सीट किंवा दिवा डब्यात घालून ठेवावा. पुढे गाडी मूळ स्वरूपात आणायची झाली तर तोच उपयोगी पडतो. गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटरमधले पेट्रोल काढून टाकावे. ते आत सुकले की चिकट थर बसतो.

कागद तर गाडीइतकेच महत्त्वाचे. आरसी बुक, खरेदीची पावती, नाव नोंदवल्याची पावती, विम्याची कागदपत्रे, सोबत आलेली माहितीपुस्तिका, सगळे एकत्र ठेवावे. १९८९ मध्ये ‘एमएच’ मालिका येण्याआधीच्या तीन अक्षरी क्रमांकाची पाटी असेल तर तीही जपावी.

आणि ज्याने गाडी चालवली त्याला विचारून घ्यावे. गाडी किती वर्षे थांबून मिळाली, पैसे कुठून उभे केले, पहिल्यांदा कुठे गेले, घाटात बंद पडली तेव्हा काय केले. किक मारण्याआधी चेतक एका बाजूला का कलती करायचे, राखीव पेट्रोलचा नॉब कुठे असायचा, टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचे, हे अंगवळणी पडलेले ज्ञान कुठल्याही कागदावर नसते. गाडी चालवणाऱ्या माणसाबरोबर ते जाते. फोनवर दहा मिनिटांचे बोलणे रेकॉर्ड करून ठेवले तरी पुरे.

पाहायला कुठे जावे?

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे जुन्या सायकलींचे संग्रहालय आहे. ‘सायकलींचे शहर’ ही पुण्याची जुनी ओळख समजून घ्यायला ते उत्तम ठिकाण आहे आणि दुचाकींची गोष्ट सुरू होते तीही सायकलपासूनच. अहिल्यानगरला लष्कराचे रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे. अवजड यंत्रे उघड्यावर कशी मांडतात आणि सांभाळतात, ते तिथे दिसते. हरियाणात तावडू इथे २०१३ साली सुरू झालेल्या वाहतूक वारसा संग्रहालयात बैलगाडीपासून विमानापर्यंतच्या वाहनांसोबत दुचाकींचाही विभाग आहे.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जगभर ‘जावा दिन’ साजरा होतो. म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’ कारखान्यातून निघालेल्या जावा आणि येझदी गाड्या त्या दिवशी रस्त्यावर येतात. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी मालकांनी सुटे भाग शोधून, एकमेकांना मेस्त्री सुचवून या गाड्या चालत्या ठेवल्या. इमारत नसलेले हे संग्रहालयच म्हणायचे.

अंजनेरीच्या संग्रहालयातली नाणी कुणाच्या तरी गाठोड्यातून, शेतातून किंवा घराच्या कोनाड्यातून आलेली असतात. दुचाकींचे संग्रहालय कधी उभे राहिले तर तिथल्या वस्तूही अशाच येतील, जिन्याखालून आणि परसातून. तोपर्यंत त्या भंगारात जाऊ न देणे एवढेच ज्याच्या त्याच्या हातात आहे.